ताईच्या गाण्याचं अस्तर

आमच्या बँडचं एकच रेकॉर्डिंग होतं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई म्हणाली, "छान झालंय रे. पण यात गातंय कोण?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला तो विनोद वाटला. त्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझे ड्रम होते, माझ्या सिंबलच्या पितळी थाळ्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, शेजारच्या घरात कोणीतरी गात असावं तशी माझी सख्खी मोठी बहीण होती.

बँड म्हणजे आम्ही तिघंच. ताई गिटार घेऊन गायची, भाऊजी दुसरी गिटार वाजवायचे, मी ड्रम बडवायचो. आम्ही कंट्री संगीत वाजवायचो. साधी गाणी, तीन-चार सुरांची, आणि प्रत्येक गाण्यात एक गोष्ट. कोणाचं घर विकलं गेलं, कोणी परत आलंच नाही, कोणी आलं पण फार उशिरा. आता अशा गाण्यात शब्दच ऐकू आले नाहीत तर उरतं काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. मला अकरा वर्षं पडला नाही. म्हणून तर मला सगळे दणक्या म्हणतात.

लोकांना वाटतं हा माझ्या कामाचा गुण. गाड्यांच्या डेंटिंगचं गॅरेज आहे आमचं. दिवसभर ठोकाठोकी, मग माणूस संध्याकाळी दुसरं काय करणार? पण ज्याने एकदा तरी पोचा काढलाय त्याला विचारा. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि समोरून हातोडीने नुसतं टिचकी मारल्यासारखं मारत राहायचं, दोनशे वेळा, तीनशे वेळा. एक घाव जोरात बसला की पत्रा ताणला जातो, फुगतो, आणि मग तो जन्मात सरळ होत नाही. हे मला झोपेतही कळतं. ड्रमवर बसलो की मात्र माझी अक्कल कुठे गहाण पडायची कोण जाणे.

सुरुवातीला आम्ही एक खूण ठरवली होती. ताईचे हात गिटारमध्ये अडकलेले, तोंड माईकपाशी. मी फार जोरात जायला लागलो की तिने उजव्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे बघायचं. बघितलं, की दणक्या खाली ये. एवढंच. पहिली काही वर्षं ती प्रत्येक गाण्यात तीन-तीन, चार-चारदा वळायची. मी दोन ओळी खाली यायचो आणि पुन्हा आहे तिथेच. कधी कधी तर तिने बघितलं म्हणून चिडून जास्तच वाजवायचो. मला वाटायचं, मोठी बहीण म्हणून इथेही कान पिळते.

मग गेली दोन वर्षं तिने वळणं सोडूनच दिलं. मी छप्पर उडवलं तरी तिची मान हलायची नाही. माणूस हात टेकतं तेव्हा असंच होतं, हे मला कळलं, आणि त्याची लाज वाटली. बोललो मात्र नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

मग रेडिओवाला येणार असं कळलं. हा माणूस गावोगावच्या बँडची गाणी रेकॉर्ड करत फिरायचा, प्रत्येकाची दोन, आणि ती रेडिओवर लावायचा. तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी आमच्याकडच्या सभागृहात येणार होता. भाऊजींनी ही बातमी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितली. ताई खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, "बघू."

"बघू काय? जायचंच," मी म्हणालो. "ट्रकचं गाणं करायचं."

ट्रकचं गाणं ताईने स्वतः लिहिलेलं. तिच्या सगळ्या गाण्यांत लोकांना तेच आवडतं. तिने भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी हातातल्या ताटलीकडे. ती छपन्न वर्षांची झाली होती. जगात तिचा आवाज कुठे जपून ठेवलेला असला, तर तो माझ्या थाळ्यांखाली गाडलेला. मी घरी जाताना ठरवलं, की या वेळी रेकॉर्डिंगमध्ये ताई ऐकू येईल. मी ऐकू आलो नाही तरी चालेल. आणि कोणाला सांगायचं नाही, त्या दिवशी थेट दाखवायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी तरुणपणापासून चाळीस वर्षं नाचाच्या हॉलमध्ये ड्रम वाजवले होते आणि आता मनगटाचे सांधे सुजले म्हणून नुसती शिलाई करत होते. ती जमते कशी विचारलं तर म्हणायचे, सुई बोटाने धरायची असते, ड्रमची काडी मनगटाने, आणि माझं मनगट आधी गेलं. मी त्यांना सांगितलं, मला हळू वाजवायला शिकायचंय.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"बहिणीसाठी."

"तीच ना, जी तुमच्या बँडमध्ये दिसते पण ऐकू येत नाही?"

त्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचा जुना संच होता. गॅरेज उघडण्याआधी रोज सकाळी तासभर यायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हवं ते वाजवायला लावलं. मी माझे सगळे गुण उधळले. ते इस्त्री करत राहिले. दुसऱ्या दिवशी गेलो तर मोठी थाळी गायब. तिसऱ्या दिवशी वरचे दोन ड्रम गेले. आठवड्याच्या शेवटी माझ्यासमोर स्नेअर म्हणजे समोरचा छोटा ड्रम, पायाचा ड्रम आणि पायानेच उघडझाप होणाऱ्या दोन छोट्या थाळ्या, एवढंच शिल्लक राहिलं. काड्याही काढून घेतल्या आणि हातात तारांचे ब्रश दिले.

"आता आणखी काय काढणार?" मी विचारलं.

"तुला," मास्तर म्हणाले. "पण त्याला वेळ लागेल."

महिनाभर माझी नुसती चिडचिड झाली. ब्रश गोल फिरवायचा, पान उलटल्यासारखा आवाज आला पाहिजे. माझा यायचा फरशी घासल्यासारखा. मग एक काडी परत मिळाली, पण डाव्या हाताने ती आडवी धरून ड्रमच्या कडेवर टिक करायचं तर ती सुतारकामासारखी वाजायची. मास्तर शिवता शिवता बसल्या जागेवरून नुसतं म्हणायचे, "जास्त." अर्ध्या तासाने पुन्हा, "जास्त." शिलाई मशीन चालू असताना मशीनचा आवाज माझ्यापेक्षा वर ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यांची मशीन जुनी, पायाने चालवायची, नीट तेल घातलेली. तिचा आवाज तो किती!

शेवटी एकदा माझा तोल गेला. "मास्तर, इतकं हळू वाजवायचं तर वाजवायचंच कशाला?"

त्यांनी मशीन थांबवली. हातातला कोट उलटा करून माझ्यापुढे धरला. "हे काय आहे?"

"अस्तर."

"कोट घातल्यावर दिसतं का हे? नाही. काढून टाक, मग बघ. बाही अडकेल, खांदा लोंबेल, गिऱ्हाईक म्हणेल कापड वाईट आहे. कापडाचा काही दोष नसतो. तू अस्तर आहेस. कापड तुझी बहीण."

मी गॅरेजमध्ये गेलो आणि त्या दिवशी एका दाराचा पोचा काढता काढता माझ्या हाताकडे लक्ष गेलं. टिचक्या, सारख्या अंतराने, सारख्या वजनाने. हाताला सगळं येतच होतं. फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं की ताईचं गाणंही पत्र्यासारखंच, एका घावाने फुगणारं. दुसऱ्या दिवशी मास्तर एकदाही "जास्त" म्हणाले नाहीत.

मग त्यांनी मला ट्रकच्या गाण्यावर आणलं आणि विचारलं, "दुसऱ्या कडव्यात काय होतं?"

"सूर बदलतो."

"ते नाही. गोष्टीत काय होतं?"

मला सांगता येईना. अकरा वर्षं, शेकडो वेळा ते गाणं मी वाजवलेलं. कुठे वळण आहे, कुठे थांबायचं, सगळं पाठ. त्यात काय सांगितलंय हे मला माहीतच नव्हतं. मास्तर म्हणाले, "शब्द आण. शब्द संपतो तिथे तुझी जागा. शब्द कुठे संपतो हेच माहीत नाही, तर तू वाजवतोस कुठे?"

ताईला विचारलं असतं तर बेत फुटला असता. भाऊजींकडून तिची गाण्यांची वही मागून आणली आणि गॅरेजच्या मागे, सुट्या दारांच्या ढिगावर बसून वाचलं.

गाण्यातली बाई बापाचा ट्रक विकायला जाते. बाप गेलेला. गिऱ्हाईक इंजिन चालू करून बघतं आणि ती म्हणते, बंद करू नका, जरा वेळ चालू राहू दे. दुसऱ्या कडव्यात ती आत चढून बसते, स्टिअरिंगवर बापाच्या हातांनी झिजलेली जागा बघते. आणि तिसऱ्या कडव्यात, जिथे सूर सगळ्यात वर जातो, तिथे ती समोरच्या डॅशबोर्डवरून हात फिरवते. म्हणते, इथे माझा धाकटा भाऊ बोटं वाजवायचा, बाबा म्हणायचे वाजव रे, झोप येणार नाही मला, आणि त्याच्या तालावर आम्ही घरी पोचायचो.

तो धाकटा मी. सहा वर्षांचा होतो. ट्रकमध्ये बाबा आणि ताईच्या मध्ये बसायचो आणि डॅशबोर्ड बडवायचो. हे मी विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. तिने ते गाण्यात घातलं, अकरा वर्षं माझ्या पुढ्यात उभं राहून गायलं, आणि नेमक्या त्याच ओळींवर मी मोठी थाळी हाणायचो, कारण सूर वर जातो तिथे थाळी हाणायची असते.

मी रडलो. गॅरेजमधल्यांना सांगितलं, पॉलिश डोळ्यात गेलं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. तिसरं कडवं लोकांना ऐकू गेलं पाहिजे, बस. मास्तर त्या कडव्यात एकेक गोष्ट कमी करायला शिकवत होते. आधी छोट्या थाळ्या सोडायच्या. मग पायाचा ड्रम. शेवटी फक्त ब्रश, तोही शब्दांच्या मधल्या जागेत. "ती जितकी वर जाईल तितका तू खाली जा," ते म्हणायचे.

त्या तीन महिन्यांत ताई सरावाला आलीच नाही. कधी घसा बसला होता, कधी पाहुणे होते, कधी नुसतंच बरं वाटत नव्हतं. फोनवरही भेटायची नाही, दोन शब्द लिहून पाठवायची. मी मनातून खूशच होतो. ती आली असती तर माझं गुपित कसं राहिलं असतं? भाऊजी आणि मी दोघंच बसायचो आणि भाऊजींसमोर मी मुद्दाम जुन्या पद्धतीने वाजवायचो.

आदल्या दिवशी सामान गाडीत भरताना भाऊजी म्हणाले, "उद्या दणकून वाजव हं. नेहमीसारखं. अजिबात कसर सोडू नकोस."

भाऊजींनी अकरा वर्षांत मला टोमणा मारायची एकही संधी सोडली नव्हती. मी म्हणालो, "हो हो, तुमची गिटारसुद्धा ऐकू येणार नाही." ते हसले नाहीत. आणखी काहीतरी बोलायला थांबले, मग गाडीचं दार लावून घेतलं.

रविवारी सभागृह अर्धं भरलेलं होतं. लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या, रेडिओवाल्याचं टेबल एका कोपऱ्यात. मास्तर मागच्या रांगेत येऊन बसले. मी माझा अर्धाच संच मांडला. ताई रंगमंचावर आली, मागे बघून म्हणाली, "बाकीचं कुठंय रे?" आवाज घोगरा होता. मी म्हणालो, "लागणार नाही." ती काही विचारणार तेवढ्यात रेडिओवाल्याने हात वर केला.

पहिलं गाणं ताई आणि भाऊजींनी मिळून म्हटलं. मी ब्रश फिरवत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दोघांच्या श्वासाचाही आवाज येत होता. काय सांगू, किती सुंदर वाटत होतं. भाऊजींचा आवाज जरा पुढे लागतोय, एवढं जाणवलं. म्हटलं, लागू दे.

मग ट्रकचं गाणं. पहिलं कडवं खालच्या सुरात होतं, तिथे तिचा घोगरेपणा शोभलाही. बंद करू नका, ती म्हणाली, आणि समोरची एक बाई पुढे सरकून बसली. शब्द पोचत होते.

दुसऱ्या कडव्यात सूर वर गेला आणि आवाज चिरकला. स्टिअरिंग हा शब्द अर्धाच आला. उरलेला नुसता वारा. ताईने उजव्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे बघितलं.

दोन वर्षांनी ती वळली होती. मला वाटलं, अजूनही मीच जास्त होतोय. माझ्यामुळे तिला ताणावं लागतंय. मी छोट्या थाळ्या सोडल्या.

पुढची ओळ आणखी फाटली. सभागृहात इतकी शांतता होती, की तिच्या घशातली खरखर शेवटच्या रांगेपर्यंत जात होती. लोकांनी माना खाली घातल्या. तिने पुन्हा वळून बघितलं. या वेळी जास्त वेळ. तिचे डोळे मोठे झाले होते. मी पायाचा ड्रम सोडला.

तिसऱ्या कडव्याला ती वर गेली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि हवा बाहेर आली. डॅशबोर्ड, धाकटा भाऊ, बाबा, सगळे शब्द तिने हवेनेच म्हटले. तिसऱ्यांदा वळली ती गिटार वाजवायची थांबून. तिचे ओठ हलले. तिच्या त्या नजरेला मी पूर्वी कधी जुमानलं नव्हतं. त्या दिवशी जुमानलं. ब्रश जवळजवळ उचललाच.

भाऊजींनी गाणं कसंबसं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजारी माणसाच्या खोलीतून निघताना हळू बोलतात तशा.

मागच्या खोलीत ताई खुर्चीवर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने माझा हात धरून मला खाली वाकवलं आणि कानाशी कुजबुजली, "किती छान वाजवलंस रे. कधी शिकलास?" मग तिला रडू फुटलं. मी तिला लहानपणीही असं रडताना पाहिलं नव्हतं.

भाऊजींनी मला बाहेर नेलं. "मी तुला सांगितलं होतं, दणकून वाजव."

"मला वाटलं टोमणा मारताय."

"दोन वर्षं झाली तिचा गाण्याचा आवाज जाऊन. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने. म्हणायची, दणक्या आहे ना मागे, त्याच्या गोंगाटात माझं झाकून जातं. लोकांना शब्द तसेही ऐकू येत नाहीत, त्यांना वाटतं मी गातेय. त्याला कळलं तर तो हात आखडेल, मग मी संपले." भाऊजी भिंतीला टेकले. "निदान आजपुरतं तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

मी विचारलं, "आज ती वळून काय म्हणत होती?"

"वाजव म्हणत होती. दुसरं काय?"

संध्याकाळी मी मास्तरांच्या दुकानात गेलो. ते मशीनपुढे बसले होते, पण मशीन बंद होती. ते म्हणाले, "विरलेल्या कापडाला जाड अस्तर घालतात. हे मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही. कापड न बघताच अस्तर कापलं मी."

"तुम्ही कुठून बघणार? मी बघायला हवं होतं."

त्यांनी "नाही" म्हटलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

ताई त्यानंतर गायली नाही. मी म्हणालो, पुन्हा सगळा संच मांडतो, पूर्वीसारखा वाजवतो. तिने नको म्हणून मान हलवली. एकदा सगळ्यांनी ऐकल्यावर आता काय झाकणार? ती वहीत लिहून बोलते, कारण आता कुजबुजण्यानेही घसा दुखतो. मी कधी जेवायला गेलो आणि विचारात टेबलावर बोटं वाजवायला लागलो, तर ती डोळे मिटून ऐकत बसते. मला ते सहन होत नाही. मी हात मांडीवर घेतो.

रेडिओवाल्याने गाणं कुठे लावलं नाही. सभ्य माणूस. पण रेकॉर्डिंगची एक प्रत पाठवली, ती माझ्याकडे आहे. सकाळी गॅरेजमध्ये कोणी यायच्या आत मी ऐकतो. मला हवं होतं तसंच झालंय ते. ताई अगदी जवळ, एकेक श्वास ऐकू येणारी. तिसऱ्या कडव्यात एका जागी तिचा श्वास माईकपासून दूर जातो, कारण ती मान वळवून माझ्याकडे बघते आहे. बरोबर त्याच क्षणी मी आणखी हळू होतो. तेही स्वच्छ ऐकू येतं.